हृत्फुफ्फुस पुनरुज्जीवन आणि पर्शुकाभग्न

हृदयक्रिया बंद पडलेल्या रुग्णाच्या छातीवर दाब देत असता बरगडी मोडल्याचा आवाज येतो आणि दाब देणाऱ्याचे हात थबकतात. आपल्या हातून अपाय झाला या भीतीने थांबणे हाच खरा अपाय होय. त्यामागील कारण वैद्यबंधूंनी व औषधी दुकानदारांनी समजून घ्यावे.

१९६० साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथील कौवेनहोवेन, ज्यूड व निकरबॉकर यांनी छाती न उघडता हृदयावर दाब देण्याची पद्धत प्रसिद्ध केली. प्रौढ रुग्णात उरोस्थीच्या खालच्या अर्ध्या भागावर ५ ते ६ सेंमी खोल, मिनिटास १०० ते १२० दाब द्यावे लागतात. उरोस्थी एवढी आत गेली की तिला जोडलेल्या बरगड्या पुढील बाजूस वाकतात व प्रसंगी मोडतात. दुसरी ते सातवी बरगडी यात विशेष सापडते; काही वेळा उरोस्थीही भंगते. सुश्रुताचार्यांनी पार्श्व, पृष्ठ व उर येथील अस्थींची गणना वलयास्थींत केली आहे. वय वाढते तसे बरगड्यांपुढील तरुणास्थी कठीण होते, अस्थिक्षयही असतो. म्हणून वृद्धांत भग्नाचे प्रमाण अधिक. बालकांच्या बरगड्या लवचीक असल्याने त्या क्वचितच मोडतात.

आवाज आल्यास हातांची जागा तपासावी व दाब चालू ठेवावा. उरोस्थीच्या खालच्या टोकावर मात्र दाब देऊ नये. यकृतास इजा होऊ शकते. मोडलेली बरगडी बहुधा सुमारे ६ आठवड्यांत सांधते. थांबलेले हृदय वाट पाहत नाही.

वाचलेला रुग्ण पुढे छातीच्या वेदनेसाठी आपल्याकडेच येतो. त्या वेळी अभ्यंग वा मर्दन करू नये. भग्नचिकित्सेत बंधन प्रशस्त असले तरी छाती आवळून बांधू नये. श्वास उथळ होऊन कफ साचतो व न्यूमोनियाचा धोका वाढतो. साध्या क्ष-किरण चित्रात पुढील बाजूचे भग्न पुष्कळदा दिसत नाही, हेही ध्यानी असावे. वाढता श्वास, कफातून रक्त, ताप वा पोटात तीव्र वेदना असल्यास रुग्णालयात त्वरित पाठवावे. रुग्ण रक्त पातळ करणारी औषधे घेत आहे काय, हे विचारल्यावाचून गुग्गुळकल्प देऊ नयेत. छातीदुखीवर तेल मागणाऱ्या ग्राहकास दुकानदारांनीही एक प्रश्न अवश्य विचारावा : अलीकडे छातीवर दाब दिला गेला होता काय?

भग्न सांधण्याची विद्या आपल्यापाशी आहे. ती उपयोगी पडण्यासाठी रुग्ण आधी जगला पाहिजे.