साचलेल्या पाण्यातून चाललात? लेप्टोची गोळी घ्यावी का?

मुसळधार पाऊस होऊन गेला की दुसऱ्या दिवशी ओपीडीत एक प्रश्न हमखास येतो : "डॉक्टर, काल गुडघाभर पाण्यातून घरी आलो. लेप्टोची गोळी घेऊ का?" काही जण घरातल्या सगळ्यांसाठी औषधाच्या दुकानातून परस्पर स्ट्रिप आणतात. काही जण म्हणतात, "दरवर्षी चालतो, मला कधी काही झालं नाही." या गोळीमागचा पुरावा नेमका किती भक्कम आहे, हे समजले तर निर्णय घेणे सोपे जाते.

लेप्टो कसा होतो?

लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूंमुळे होणारा आजार आहे. उंदीर, घुशी, कुत्रे, गुरे यांच्या लघवीतून हे जिवाणू पाण्यात आणि चिखलात मिसळतात. पायावरची जखम, भेगा किंवा डोळे, नाक, तोंड यांच्या नाजूक त्वचेतून ते शरीरात शिरतात. लक्षणे साधारण ५ ते १४ दिवसांनी दिसतात, कधी २ दिवसांत, तर कधी महिन्याभरानेही. बहुतेकांना फ्लूसारखा ताप येऊन जातो. मात्र काहींमध्ये मूत्रपिंड, यकृत किंवा फुप्फुसांवर परिणाम होऊन जिवाला धोका होतो. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईने लेप्टोची मोठी साथ पाहिली आहे.

गोळीचा पुरावा कुठून आला?

प्रतिबंधासाठी वापरली जाणारी गोळी म्हणजे डॉक्सिसायक्लिन. तिच्यावरचे दोन अभ्यास महत्त्वाचे आहेत.

पहिला पनामातला, १९८४ साली प्रसिद्ध झालेला. जंगलात सुमारे तीन आठवडे प्रशिक्षण घेणाऱ्या ९४० अमेरिकी सैनिकांचे दोन गट केले. एका गटाला आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लिन दिले, दुसऱ्या गटाला तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. औषध नसलेल्या गटात २० जणांना लेप्टो झाला, औषधाच्या गटात फक्त एकाला.

दुसरा अभ्यास आपल्याच देशातला, अंदमानमधला. तो २००० साली प्रसिद्ध झाला. लेप्टोची साथ दरवर्षी येणाऱ्या भागातील ७८२ लोकांना १२ आठवडे याच प्रकारे गोळ्या दिल्या. रक्ततपासणीत संसर्गाचे प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखेच आढळले. पण प्रत्यक्ष आजारी पडणाऱ्यांचे प्रमाण औषध न मिळालेल्यांत शंभरात सुमारे ७, तर औषध मिळालेल्यांत सुमारे ३ होते. म्हणजे गोळीने संसर्ग रोखला नाही, आजार मात्र कमी झाला.

जगभरातील अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन आढाव्याने मात्र सावध निष्कर्ष काढला आहे : एकूण अभ्यास थोडे आहेत, त्यामुळे फायदा नक्की किती हे ठामपणे सांगता येत नाही. मळमळ आणि उलट्या हा त्रास मात्र गोळी घेणाऱ्यांत जास्त दिसतो.

हे आकडे तुम्हाला किती लागू पडतात?

पनामातले सैनिक तरुण, धडधाकट होते आणि आठवडेच्या आठवडे चिखलपाण्यात वावरत होते. त्यांनी गोळ्या पाण्यात असतानाच, दर आठवड्याला घेतल्या. तुम्ही एकदा पाण्यातून चालून आलात आणि नंतर एक डोस घेणार आहात. या दुसऱ्या पद्धतीवर मोठा, नेटका अभ्यास झालेला नाही. वरच्या अभ्यासांवरून तर्काने दिलेला तो सल्ला आहे. तर्क योग्य आहे, पण त्याला शंभर टक्के हमी समजू नये.

मूळ धोका किती, यावरही फायदा अवलंबून असतो. एक उदाहरण घेऊ. समजा, गोळीने धोका निम्मा होतो. जिथे शंभरातले ८ जण आजारी पडणार होते, तिथे गोळीमुळे ४ जण वाचतील. पण जिथे हजारातले २ जणच आजारी पडणार होते, तिथे हजार जणांनी गोळी घेतल्यावर एक जण वाचेल. गोळीचा त्रास मात्र दोन्हीकडे सारखाच.

"गोळी घेतली आणि काही झालं नाही" किंवा "गोळी न घेताही काही झालं नाही" या अनुभवांवरून म्हणूनच फारसे काही ठरत नाही. पाण्यातून चालणाऱ्या बहुतेकांना लेप्टो होतच नाही.

मग कोणी घ्यावी?

मुंबई महापालिका साचलेल्या पाण्यातून चाललेल्यांना २४ ते ७२ तासांत डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक औषध घ्यायला सांगते. तुमचा धोका पुढील गोष्टींवरून ठरतो :

- पायाला जखम, भेगा किंवा खरचटलेले असताना पाण्यातून चालणे : धोका जास्त. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना भेटा.
- पुराच्या पाण्यात बराच वेळ किंवा वारंवार काम करणे (सफाई कामगार, बचाव पथकातील लोक, भातशेतीत राबणारे) : धोका जास्त. किती डोस, किती दिवस हे डॉक्टर ठरवतील.
- त्वचा अखंड, थोडाच वेळ पाण्यात : धोका कमी. डॉक्टर सहसा एकच डोस सुचवतात.
- पाण्याशी संबंधच आला नाही : गोळीची गरज नाही.

गर्भवती स्त्रिया आणि ८ वर्षांखालील मुलांना ही गोळी स्वतःहून देऊ नये. त्यांच्यासाठी डॉक्टर वेगळे औषध निवडतात. रक्त पातळ करणारे औषध सुरू असल्यास तेही सांगा.

गोळी जेवणानंतर, भरपूर पाण्याबरोबर घ्या आणि लगेच आडवे होऊ नका, नाहीतर अन्ननलिकेत जळजळ होते. दूध, अँटासिड किंवा लोहाच्या गोळ्या तिच्यासोबत घेऊ नका. पावसाळाभर "असू दे" म्हणून गोळ्या चालू ठेवणे चुकीचे आहे.

गोळी घेतली तरी ताप आला तर?

रुग्ण इथेच सर्वाधिक चुकतात. "मी गोळी घेतली आहे, हा लेप्टो नसणार" असे म्हणत तीन-चार दिवस घरी काढतात. अंदमानमध्ये गोळी घेणारेही आजारी पडले होते, हे लक्षात ठेवा.

पाण्यातून चालल्यावर महिन्याभरात ताप आला, तर डॉक्टरांकडे जा आणि पाण्यातून चालल्याचे आवर्जून सांगा. पोटऱ्या खूप दुखणे, तीव्र डोकेदुखी, डोळे लाल होणे ही लेप्टोची खूण असू शकते. पुढील लक्षणे दिसल्यास थेट रुग्णालय गाठा :

- डोळे किंवा लघवी पिवळी होणे
- लघवी कमी होणे
- धाप लागणे, खोकल्यातून रक्त पडणे
- गुंगी किंवा बरळणे

पहिल्या आठवड्यात लेप्टोची अँटिबॉडी तपासणी निगेटिव्ह येऊ शकते. म्हणून शंका दाट असेल, तर डॉक्टर रिपोर्टची वाट न पाहता उपचार सुरू करतात.

उपचारांसाठी सगळ्यात महागडे इंजेक्शनच लागते असे नाही. थायलंडमध्ये तीव्र लेप्टोचा संशय असलेल्या ५४० रुग्णांवर पेनिसिलिन, डॉक्सिसायक्लिन आणि सेफोटॅक्सिम यांची तुलना झाली. तिन्हींच्या परिणामात फरक आढळला नाही. त्यामुळे नातेवाइकांनी "भारीतलं औषध द्या" असा आग्रह धरण्यापेक्षा रुग्णाला लवकर आणण्यावर भर द्यावा. तापासाठी पॅरासिटामॉल चालते. डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या स्वतःहून घेऊ नका, त्या मूत्रपिंडावर ताण आणतात.

थोडक्यात

जखम असेल किंवा पाण्यात बराच वेळ गेला असेल, तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना विचारून गोळी घ्या. जखम झाकणे, गमबूट घालणे, घरी आल्यावर साबणाने पाय धुऊन कोरडे करणे हे सगळ्यांनीच करा. आणि गोळी घेतली असो वा नसो, पुढचा महिनाभर तापाकडे दुर्लक्ष करू नका.