जुन्या मोटारीतील गारवा

वैशाखाच्या ह्या दिवसांत सभा संपवून घरी गेल्यावर आपण सारे प्रथम माठाकडे वळणार आहोत. माठातले पाणी गार का होते हे आपणांस शाळेतच शिकविलेले आहे. मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून थोडे पाणी बाहेर झिरपते, त्याची वाफ होते आणि वाफ होण्यासाठी लागणारी उष्णता ते आतल्या पाण्यातून ओढून घेते. दवाखान्यात सुई टोचण्यापूर्वी दंडावर स्पिरिट चोळतात, तेव्हा जाणवणारा गारवाही ह्याच जातीचा. मोटारीतील गार हवेचे यंत्र ह्याच तत्त्वावर चालते. फरक एकच आहे, पण आजचे आमचे सारे विवेचन त्या एका फरकाभोवती फिरणार आहे. माठातली वाफ हवेत निघून जाते, म्हणून माठ रोज भरावा लागतो. मोटारीतली वाफ बाहेर जात नाही. ती बंद नळ्यांतून फिरते, पुन्हा द्रवरूप होते आणि पुन्हा उकळते. मग जी वस्तू खर्चच होत नाही, ती दरवर्षी भरावी का लागावी?

हा साधा प्रश्न आम्हांस सुचावयास सात वर्षे लागली. आमच्या घरी वडिलांच्या वेळची १९६५ सालची शेव्हरोले इम्पाला आहे. डाव्या बाजूस स्टिअरिंग असलेली, एका परदेशी वकिलातीतील गृहस्थांनी मायदेशी परतताना विकलेली. १९९६ पासून दर मार्च महिन्यात आम्ही ती एका गॅरेजात नेत असू आणि ‘गॅस मारून द्या’ असे सांगत असू. मिस्त्रीही हसतमुखाने गॅस मारून देई. गणपतीपर्यंत गारवा टिके, दिवाळीला नुसता वारा येई. आम्हांस वाटे, जुनी गाडी आहे, एवढे चालावयाचेच. २००३ साली कॉम्प्रेसर करकरला आणि जाम झाला. मिस्त्रीने नळीचा नट सैल केला, उरलासुरला गॅस मोठा फुत्कार करून आकाशात गेला आणि उघडलेल्या कॉम्प्रेसरमध्ये तेलाचा टिपूस निघाला नाही.

काय झाले होते हे समजण्यासाठी यंत्राची फेरी एकदा डोळ्यांपुढे आणली पाहिजे. इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर वायू दाबतो. दाबलेला वायू तापतो. तो रेडिएटरच्या पुढे बसविलेल्या कंडेन्सरमध्ये जातो, बाहेरच्या वाऱ्याला आपली उष्णता देतो आणि द्रव होतो. तेथून तो ड्रायरमध्ये येतो. आतले दाणे त्यातला ओलावा शोषून घेतात. पुढे एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून तो एकदम कमी दाबाच्या जागेत पडतो आणि उकळू लागतो. मिस्त्री लोक जिला कूलिंग कॉइल म्हणतात ती ही जागा. उकळण्यासाठी लागणारी उष्णता गाडीतल्या हवेतून घेतली जाते, आणि वायू परत कॉम्प्रेसरकडे येतो. आता लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, कॉम्प्रेसरचे तेल स्वतंत्र कोठे बंद नसते. थोडे तेल गॅसमध्ये विरघळून त्याच्याबरोबर सगळीकडे फिरते आणि परत येते. गॅस जेथून गळतो तेथून तेलही जाते. मिस्त्री दरवर्षी गॅस भरीत होता. तेल कोणी भरले नव्हते.

अमेरिकेत ही सोय प्रथम पॅकार्ड कंपनीने १९३९ साली शिकागोच्या प्रदर्शनात लोकांपुढे मांडली. त्या यंत्राने डिकीची बरीचशी जागा व्यापली होती, आणि कॉम्प्रेसरला क्लच नव्हता. गारवा नको असेल तर चालकाने खाली उतरून बॉनेट उघडावे आणि पट्टा काढावा! १९५४ च्या नॅश गाडीत सारे भाग पुढच्या बाजूस, बॉनेटखाली आणि डॅशबोर्डमागे मावले आणि आजची रचना रूढ झाली. आमच्या इम्पालात जनरल मोटर्सचा ‘ए-६’ नावाचा सहा सिलिंडरांचा, पंधराएक किलो वजनाचा कॉम्प्रेसर आहे. यंत्र मोठे दणकट. त्याचे एकच वर्म: ज्या दांड्यावर क्लच फिरतो त्या दांड्याचे सील. गाडी महिनोन् महिने उभी राहिली की हे सील कोरडे पडते आणि झिरपू लागते. झिरपलेले तेल फिरत्या क्लचवरून उडून बॉनेटच्या आतल्या अंगास एक काळी, धुळकट रेघ उमटवते. ती रेघ आम्ही सात वर्षे पाहत होतो. म्हणून ज्यांच्या घरी अशी गाडी आहे त्यांस आमचे सांगणे आहे की, थंडीतही पंधरवड्यातून एकदा दहा मिनिटे गारवा चालू करावा; सील तेलात राहते.

आता गॅसविषयी. घरगुती रेफ्रिजरेटरांत पूर्वी अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मेथिल क्लोराइड असले विषारी वायू असत आणि त्यांच्या गळतीने माणसे मेली होती. थॉमस मिजली ह्या अमेरिकन संशोधकाने आपल्या सहकाऱ्यांसह निर्धोक वायू शोधला, आणि १९३० साली रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत तो छातीत भरून घेऊन उच्छ्वासाने मेणबत्ती विझवून दाखविली. वायू विषारी नाही आणि पेटतही नाही, हे एका फुंकरीत सिद्ध झाले. ह्याच कुळातला आर-१२ पुढे पन्नासहून अधिक वर्षे मोटारींत होता. तो कशाशीच सहजी संयोग पावत नाही हा त्याचा गुण. पण म्हणूनच तो हवेत शंभर वर्षांच्या घरात टिकतो, उंच चढतो, तेथील प्रखर किरणांनी फुटतो आणि त्यातला क्लोरिन ओझोन खातो. मोलिना आणि रोलंड ह्यांनी हे १९७४ साली सांगितले. १९८५ साली दक्षिण ध्रुवावरील ओझोन विरळ झाल्याचे ब्रिटिश शास्त्रज्ञांनी जाहीर केले. १९८७ साली माँट्रियलचा करार झाला. पुढारलेल्या देशांत आर-१२ चे उत्पादन १९९५ अखेर थांबले, आणि भारतासारख्या देशांना त्यासाठी २०१० पर्यंतची मुदत होती.

आम्ही एकदा कागद-पेन्सिल घेऊन हिशोब केला. दरवर्षी अर्धा किलो म्हटले तरी सात वर्षांत साडेतीन किलो आर-१२ आम्ही आकाशात सोडला. ओझोनची गोष्ट वेगळीच. नुसती पृथ्वी तापविण्याची शक्ती पाहिली तर शंभर वर्षांच्या हिशोबाने एक किलो आर-१२ हा दहा हजार किलो कार्बन डायऑक्साइडला भारी आहे. म्हणजे पस्तीस टन झाले. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. तेव्हा हे पंधरा हजार लिटर पेट्रोल झाले. आमची गाडी लिटरला पाच किलोमीटर जाते. त्या सात वर्षांत ती वीस हजार किलोमीटरसुद्धा धावली नव्हती, आणि गारव्याच्या गळतीने मात्र पंचाहत्तर हजार किलोमीटरांचा धूर केला होता. ह्या दिवसांत ओझोनविषयीचे लेख आम्ही वर्तमानपत्रांतून आवडीने वाचीत होतो, हेही येथे कबूल केले पाहिजे.

जाम झालेली ती यंत्रणा पुढे कित्येक वर्षे तशीच उघडी पडली होती. गेल्या वर्षी ती नीट करावयास घेतली, तेव्हा कोठे सर्व्हिसिंग ह्या शब्दाचा अर्थ आम्हांस कळला. पहिला नियम हा की, आत गॅस असेल तर तो हवेत न सोडता यंत्राने ओढून वेगळ्या सिलिंडरात घ्यावयाचा. हा गॅस मोकळ्या हवेत उणे तीस अंशांना उकळतो. डोळ्यांत उडाला तर दृष्टी जाईल, म्हणून चष्मा आणि हातमोजे हवेतच. त्यानंतर सारे भाग सुटे करून धुणे. आर-१२ आता नव्याने तयार होत नाही, म्हणून आम्हांस आर-१३४ए ह्या गॅसकडे वळावे लागले. पुष्कळांस वाटते की जुना काढला आणि नवा भरला की काम झाले. तसे नाही. जुने खनिज तेल नव्या गॅसमध्ये विरघळत नाही. ते कॉइलमध्ये साचून राहते आणि कॉम्प्रेसर पुन्हा कोरडा पडतो. जुने तेल निपटून काढून एस्टर जातीचे तेल मापून घालावे लागते. जुन्या रबरी नळ्यांतून नवा गॅस अधिक झिरपतो, म्हणून नळ्या आतून अस्तर असलेल्या बनवून घ्याव्या लागतात. दांड्याचे सील, सांध्यांतल्या रबरी कड्या आणि ड्रायर ही नवीच घालावयाची. ड्रायरबाबत काटकसर करू नये. कोणी कोणी स्वस्त म्हणून स्वयंपाकाच्या गॅसच्या जातीचा वायू भरतात. गारवा उत्तम येतो, परंतु कॉइल गाडीच्या आत, आपल्या पायांशी असते, आणि हा वायू ठिणगीसरशी पेटतो, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

मग गळतीची परीक्षा. नळ्यांत नायट्रोजन दीडशे पौंड दाबापर्यंत भरावयाचा, सांध्यांवर साबणाचे पाणी लावावयाचे आणि बुडबुडे पाहत बसावयाचे. ऑक्सिजन कधीही वापरू नये. तेलाशी गाठ पडताच स्फोट होतो. आमच्या गाडीत पहिल्या दिवशी सारे ठीक दिसले, पण रात्रभर ठेवल्यावर काटा थोडा उतरला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत शोधल्यावर नव्याच केलेल्या एका नळीच्या टोकाशी मोहरीएवढा बुडबुडा सापडला. मुलाखतीतील उमेदवार तपासावा तसा हा सांधा कारागिराने तीनदा तपासला, आणि मग ती नळी रद्द केली. घाईचा मनुष्य असता तर त्याने त्याच दिवशी गॅस भरून आम्हांस वाटेला लावले असते.

सर्वांत मौजेचा भाग ओलाव्याचा आहे. आत पाण्याचा अंश राहिला तर तो एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या छिद्रात गोठून वाट अडवतो. गाडी थोडा वेळ गार होते, मग थांबते, आणि उभी केल्यावर बर्फ वितळून पुन्हा गार होऊ लागते. ही तक्रार ऐकली की निदान झालेच म्हणावे. शिवाय पाणी आणि गॅस मिळून हळूहळू आम्ल तयार होते व धातू खाते. हे पाणी काढावयाचे कसे? ते तेथेच उकळून. हवेचा दाब कमी केला की पाणी कमी उष्णतेला उकळते, हे उंच डोंगरावर डाळ शिजत नाही त्यावरून आपणांस ठाऊक आहे. समुद्रकाठी हवेचा दाब पाऱ्याचे ७६० मिलिमीटर असतो. तो ३२ पर्यंत उतरविला की ३० अंशांवरच पाणी उकळू लागते. म्हणून व्हॅक्यूम पंप लावून तो पुष्कळ वेळ चालू ठेवतात. येथे एक गंमत सांगतो. मुंबईत हा पंप मापकावर २९ इंचांहून अधिक दाखवितो. पुण्यात तोच पंप, तेच मापक २८ च्या पुढे जात नाही. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच, तेव्हा तेथे हवेचा मूळ दाबच २८ इंचांचा. अमेरिकन पुस्तकातला २९ चा आकडा गाठावयाचा म्हणून बिचाऱ्या पंपाला दोष देत बसणारे कारागीर आम्ही पाहिले आहेत. पंप बंद केल्यावर काटा अर्धा तास जागचा हलता कामा नये, ही खरी कसोटी. आमची गाडी इतके पावसाळे प्यालेली. तिला पंप दोन दिवस लावावा लागला.

शेवटी गॅस भरणे, आणि तो वजनावर. येथे पुष्कळांची फसगत होते. दाबाचा काटा पाहून किती गॅस आहे हे कळत नाही. आत थोडा तरी द्रव शिल्लक असेल, तोवर उभ्या गाडीत काटा उन्हामानाप्रमाणे तोच दाब दाखवितो. मग यंत्र भरलेले असो की पाव उरलेले असो. आपल्या स्वयंपाकघरातील सिलिंडर शेवटच्या दिवसापर्यंत तशाच जोराने जळतो, आणि किती उरला हे पाहावयास तो हलवून वजनच अजमावावे लागते, तसेच हे आहे. जुन्या गाडीला आर-१२ जितका लागे त्याच्या शेकडा ८० ते ८५ इतका आर-१३४ए पुरतो. ह्याहून जास्त भरला तर गारवा वाढत नाही, उलट कंडेन्सरवरील दाब चढतो आणि आपल्या उन्हाळ्यात, रहदारीत उभे राहिल्यावर, तो धोक्याच्या पातळीला जातो. त्यासाठी आम्ही कंडेन्सर नव्या घडणीचा घातला आणि त्यापुढे विजेचा एक पंखा बसविला. मूळ रूपाचा अभिमान बाळगणाऱ्या मंडळींस हे रुचणार नाही. बॉनेट बंद असले म्हणजे दिसत नाही, एवढेच आमचे उत्तर.

नवा गॅस ओझोनला अपाय करीत नाही. पण पृथ्वी तापविण्यात तोही कार्बन डायऑक्साइडच्या तेराचौदाशे पट आहे. युरोपातील नव्या मोटारींतून तो २०१७ पासून गेला, आणि २०१६ च्या किगालीच्या ठरावाप्रमाणे, ज्याला भारताने २०२१ साली मान्यता दिली, तो सर्वत्र हळूहळू कमी व्हावयाचा आहे. तेव्हा हाही सोडून द्यावयाचा गॅस नव्हे.

ह्या महिन्यात, बाहेर ३९ अंश असताना, आम्ही भर दुपारी ती गाडी काढली. चालत्या गाडीत झरोक्याशी धरलेल्या तापमापकाने ९ अंश दाखविले. सिग्नलला थांबलो की पारा १३ वर चढे, चाके फिरू लागली की उतरे. घरी आल्यावर बॉनेट उघडून आतल्या अंगावरून पांढरा रुमाल फिरविला. तो कोरडा निघाला. आता दिवाळीला पुन्हा फिरवू.