उन्हाची मात्रा

औषधाचे नाव आहे पण मात्रा लिहिलेली नाही, अशी चिठ्ठी कोणताही जाणता औषधविक्रेता परत पाठवील. मात्रेवाचून औषध म्हणजे केवळ शुभेच्छा. परंतु काही औषधे अशी आहेत की ती मिलिग्रॅममध्ये मोजता येत नाहीत. प्रकाश हे त्यांपैकी एक होय. ‘सकाळच्या कोवळ्या उन्हात दहा मिनिटे बसा’ असे आपण रुग्णाला सहज सांगतो. ती दहा मिनिटे घड्याळाची असतात, उन्हाची नव्हेत. पौषातील दहा मिनिटे आणि वैशाखातील दहा मिनिटे यांत किती अंतर आहे, हे माळव्यात राहणाऱ्यांना सांगावयास नको.

मी बालरोगतज्ज्ञ आहे, भौतिकशास्त्राचा अभ्यासक नव्हे. परंतु कावीळ झालेल्या नवजात अर्भकांना निळ्या प्रकाशाखाली ठेवताना ‘हा प्रकाश नेमका किती?’ हा प्रश्न मला वर्षानुवर्षे पडत आला. यंत्र आकडा दाखवीत असे. पण त्या यंत्राला तो आकडा कोणी शिकविला, याचा शोध घेत गेलो तेव्हा एक विलक्षण कथा हाती आली. तिचा प्रारंभ एका क्षयरोग्यांच्या गावात झाला आहे, म्हणून ती आपल्या स्मरणिकेत सांगण्यास मला संकोच वाटत नाही.

क्षयाच्या गावातील वेधशाळा

१९०३ साली नील्स फिन्सेन या डॅनिश वैद्याला त्वचेच्या क्षयावरील प्रकाशोपचाराबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. क्षयावर खात्रीचे औषध नसण्याचा तो काळ. युरोपातील श्रीमंत रुग्ण स्वित्झर्लंडच्या पर्वतांत, स्वच्छ हवा आणि ऊन यांच्या आशेने महिनोन्‌महिने राहत. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध गाव म्हणजे दावोस. टोमास मान यांच्या ‘जादूचा पर्वत’ या कादंबरीचे स्थळ तेच. आज हे नाव अर्थकारणाच्या परिषदांमुळे आपल्या कानांवर पडते. पण त्याची पहिली ओळख आरोग्यधामांची होती.

आपल्या मुलीच्या क्षयावर उपचार करण्यासाठी कार्ल डॉर्नो हे जर्मन गृहस्थ दावोसला आले. उन्हाने रुग्ण सुधारतात असे सगळेच म्हणत होते. परंतु ते ऊन किती आणि कोणत्या प्रकारचे, हे कोणी सांगू शकत नव्हते. डॉर्नो यांनी १९०७ साली पदरचे पैसे खर्चून तेथे वेधशाळा उभारली आणि सूर्य व आकाश यांच्या प्रकाशाची पद्धतशीर मोजणी सुरू केली. त्वचेत ‘ड’ जीवनसत्त्व निर्माण करणाऱ्या जंबुपार किरणांच्या पट्ट्याला आजही काही ग्रंथांत ‘डॉर्नो किरण’ म्हणतात. एका पित्याच्या व्याकुळतेतून जन्मलेली ही वेधशाळा आज जगातील सौर मोजमापांचे मुख्य केंद्र आहे.

ऊन तोलायचे कसे?

सूर्याकडून येणाऱ्या ऊर्जेला शास्त्रीय भाषेत ‘प्रारण’ म्हणतात. ती मोजण्याचा पहिला यशस्वी प्रयत्न फ्रान्समध्ये क्लॉद पूइये यांनी १८३७-३८ च्या सुमारास केला. काजळी दिलेल्या, पाण्याने भरलेल्या चपट्या डबीवर ऊन पडू द्यायचे आणि पाणी किती तापले ते पाहायचे, अशी त्यांची साधी युक्ती होती. या उपकरणाला त्यांनीच ‘पायरहेलिओमीटर’ हे नाव दिले. वातावरणाच्या बाहेर दर चौरस मीटरला सुमारे १,२३० वॅट, असे उत्तर त्यांनी काढले. आजच्या आकड्याहून ते सुमारे दहा टक्क्यांनीच कमी आहे.

खरी प्रगती झाली ती १८९३ साली, स्वीडनच्या क्नूट आंगस्ट्रॉम यांच्या कल्पनेने. काळा थर दिलेल्या धातूच्या दोन सारख्या पट्ट्या घ्यायच्या. एकीवर ऊन पडू द्यायचे. दुसरी सावलीत ठेवून तिच्यातून वीजप्रवाह सोडायचा. दोघींचे तापमान सारखे होईपर्यंत प्रवाह कमीजास्त करायचा. ते सारखे झाले की विजेने दिलेली उष्णता तितकीच उन्हाने दिलेली उष्णता. हा ताजवाच आहे! एका पारड्यात ऊन, दुसऱ्यात वीज. वीज अचूक मोजता येते, म्हणून ऊनही मोजता येते. आज पट्ट्यांच्या जागी आतून काळी केलेली पोकळी असते, कारण पोकळीत शिरलेला प्रकाश पुनःपुन्हा आदळून जवळजवळ सर्व शोषला जातो; परंतु तत्त्व तेच आहे.

अशी मूळ उपकरणे मोजकी आणि नाजूक असतात. रोजच्या कामासाठी काचेच्या घुमटाखाली बसविलेला ‘पायरॅनोमीटर’ वापरतात. तो सूर्याचे व साऱ्या आकाशाचे मिळून येणारे प्रारण मोजतो. पण त्याच्याकडून मिळतात ते केवळ काही मिलिव्होल्ट. एक मायक्रोव्होल्ट म्हणजे किती वॅट, हे त्याला स्वतःला ठाऊक नसते. ते ठरविण्यासाठी तो मूळ उपकरणाशेजारी उन्हात ठेवतात, त्यावर तबकडीने सावली पाडतात, ती काढतात, पुन्हा पाडतात आणि दोन वाचनांतील फरक मूळ उपकरणाच्या वाचनाशी ताडून पाहतात. यालाच अंशशोधन, म्हणजे आपल्या नेहमीच्या भाषेत कॅलिब्रेशन, म्हणतात.

एक सूर्य, दोन मापे

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एक अवघड प्रसंग उभा राहिला. युरोप आंगस्ट्रॉम यांचे माप वापरी, तर अमेरिका स्मिथसोनियन संस्थेत चार्ल्स ॲबट यांनी ठरविलेले. सूर्य एकच, पण दोन्ही मापांत साडेतीन टक्क्यांच्या आसपास फरक! १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात जगभर एकाच वेळी निरीक्षणे व्हावयाची होती. तेव्हा १९५६ साली तडजोड झाली: आंगस्ट्रॉम मापात दीड टक्का वाढवावा, स्मिथसोनियन मापातून दोन टक्के कमी करावेत.

व्यवहार सुरळीत झाला. परंतु सर्वांचे एकमत झाले म्हणून आकडा खरा ठरत नाही. पुढे पोकळीची सुधारलेली उपकरणे आली तेव्हा १९५६ चे प्रमाण २.२ टक्क्यांनी कमी आहे असे दिसून आले. मग १९७० च्या दशकात नवे ‘जागतिक रेडिओमितीय प्रमाण’ सिद्ध झाले. ते कोणा एका उपकरणावर विसंबलेले नाही. दावोस येथे पोकळी असलेल्या उपकरणांचा एक गट जपलेला आहे. एखादे उपकरण बिघडू लागले तर इतरांशी तुलना करताच ते उघडे पडते. आपल्याकडे गंभीर रुग्णाबाबत एकाच तज्ज्ञाचे मत न घेता मंडळ बसविण्याची रीत आहे, तशीच ही योजना होय.

दर पाच वर्षांनी जगभरातील शास्त्रज्ञ आपापली उपकरणे घेऊन दावोसला जमतात आणि निरभ्र आकाशाची वाट पाहत ती या गटाशेजारी सूर्याकडे रोखतात. १९५९ पासून ही परंपरा चालू आहे. २०२० चा मेळावा महासाथीमुळे २०२१ मध्ये भरला. मायदेशी परतलेले प्रत्येक उपकरण तेथील इतर उपकरणांचे गुरू होते.

एकच निरीक्षण अनेक ठिकाणी ताडून पाहण्याचा हा आग्रह आपल्या भूमीला नवा नाही. सवाई जयसिंहांनी आपल्या शेजारच्या उज्जैनसह पाच नगरांत वेधशाळा बांधल्या. एका स्थळी घेतलेला वेध दुसऱ्या स्थळी पडताळावा, हा त्यामागील एक हेतू होता. तेथे सूर्याचे स्थान मोजत, तेज नव्हे. पण वृत्ती तीच.

पुण्याचा दुवा

भारतात या साखळीचा दुवा पुण्यात आहे. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या तेथील केंद्राला आशिया खंडासाठीचे प्रादेशिक प्रारण केंद्र म्हणूनही मान्यता मिळाली. या कामाचा पाया घालण्यात अ‍ॅना मणी (१९१८-२००१) यांचा मोठा वाटा आहे. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या हाताखाली संशोधन केलेल्या या विदुषी १९४८ साली पुण्याच्या उपकरण विभागात रुजू झाल्या. परदेशी उपकरणांवर अवलंबून असलेल्या देशात सुमारे शंभर हवामान उपकरणांचे प्रमाणित आराखडे त्यांनी सिद्ध केले आणि भूभौतिक वर्षाच्या निमित्ताने देशभर सौर प्रारण केंद्रांचे जाळे उभारले. चुकीचे मोजमाप हे मोजमाप नसण्याहून वाईट, अशी त्यांची ठाम धारणा होती. रक्तातील साखरेच्या चुकीच्या आकड्यावर इन्सुलिन दिले गेले तर काय होते हे जाणणाऱ्या वैद्यांना ती निराळी पटवून द्यावी लागणार नाही.

उष्णतेचे अदृश्य किरण

१८०० साली विल्यम हर्शेल यांनी लोलकातून पडलेल्या इंद्रधनुष्यी पट्ट्यात तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते तिथे तापमापक ठेवला आणि पारा चढला. हे अवरक्त किरण. ते मोजणे उन्हाहून कठीण, कारण जगातील प्रत्येक उबदार वस्तू ते बाहेर टाकते, मोजणारे उपकरणसुद्धा! स्वतः तापाने फणफणलेल्या माणसाने दुसऱ्याच्या कपाळावर हात ठेवून ताप पाहावा, तशी ही अडचण आहे. साध्या पायरॅनोमीटरवरही तिची छाया पडते. रात्री त्याचा घुमट थंड आकाशाकडे उष्णता गमावतो आणि ऊन शून्य असताना उपकरण उणे काही वॅट दाखविते.

आकाशातून येणाऱ्या अवरक्त प्रारणासाठी ‘पायरजिओमीटर’ असतो. त्यात उपकरणाचे स्वतःचे व घुमटाचे तापमान मोजून त्यांचा वाटा हिशेबात धरावा लागतो. त्याचे अंशशोधन तापमान अचूक ठाऊक असलेल्या काळ्या पोकळीसमोर करतात आणि खुल्या आकाशाखाली ते पुन्हा पडताळतात. यासाठीचा जागतिक प्रमाण-गट दावोस येथेच २००४ साली स्थापन झाला. नंतर निराळ्या तत्त्वावर चालणाऱ्या उपकरणांनी त्याची परीक्षा घेतली, तेव्हा तोही चौरस मीटरला काही वॅट कमी दाखवितो असे संकेत मिळाले. पृथ्वीच्या उष्णतेच्या जमाखर्चातील शिल्लक चौरस मीटरला एका वॅटच्या आसपास आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे ‘काही वॅट’ किती मोलाचे ते कळते.

हीच अडचण आपण २०२० मध्ये दवाखान्यांच्या दारांत पाहिली. कपाळावर रोखलेले तापमापक उन्हातून आलेल्या माणसाला ज्वर ठरवीत आणि वातानुकूलित गाडीतून उतरलेल्याला अंग गार असल्याचे प्रमाणपत्र देत. यंत्र खोटे बोलत नव्हते. ते त्वचेचे प्रारण सांगत होते. शरीराच्या आतील तापमान हा त्यावरून केलेला तर्क होता. अशा तापमापकाचीही खरी परीक्षा म्हणजे ढवळत्या पाण्यात बुडविलेली काळी पोकळी. तिचे तापमान प्रमाणित तापमापक सांगतो आणि आपले यंत्र त्याच्याशी जुळते की नाही ते पाहता येते.

सूर्य मंदावला नव्हता

प्रमाणेही तपासावी लागतात, याचे सर्वांत बोलके उदाहरण उपग्रहांचे आहे. वातावरणाबाहेरील सूर्यप्रारण चौरस मीटरला १,३६६ वॅट, असे अनेक वर्षे मानले जाई. २००३ साली सोडलेल्या ‘सॉर्स’ उपग्रहावरील उपकरणाने सुमारे १,३६१ दाखविले. सूर्य मंदावला होता काय? नाही. जुन्या उपकरणांत नेमके छिद्र आत आणि रुंद छिद्र बाहेर होते. त्यामुळे नको तो प्रकाश आत विखुरून आकडा वाढत होता. आज १,३६१ हाच आकडा स्वीकृत आहे. अतिशीत तापमानावर चालणाऱ्या नव्या उपकरणांनी तर दावोसचे प्रमाणही सुमारे ०.३ टक्क्याने जास्त असल्याचे दाखविले आहे. ज्यांनी ते प्रमाण आयुष्यभर सांभाळले, त्यांच्याच संस्थेने त्याची उलटतपासणी घडवून आणली. शास्त्राची शालीनता याहून वेगळी ती काय?

पाळण्यापाशी

आता माझ्या कक्षाकडे वळतो. १९५६ साली इंग्लंडमधील रॉचफर्ड रुग्णालयात सिस्टर जीन वॉर्ड अर्भकांना बागेतील उन्हात नेत. ऊन लागलेल्या भागाची पिवळी झाक कमी होते, हे त्यांच्या नजरेला प्रथम आले. त्यातून प्रकाशोपचार जन्मला. आज तीव्र उपचारासाठी ४६० ते ४९० नॅनोमीटरच्या निळ्या पट्ट्यात, दर चौरस सेंटिमीटरला व दर नॅनोमीटरला किमान ३० मायक्रोवॅट अशी मात्रा सांगितली आहे.

आमच्या कक्षात दोन निरनिराळ्या कंपन्यांचे मापक होते. एकाच दिव्याखाली, एकाच उंचीवर एकाने २३ दाखविले, दुसऱ्याने ३४. एकाच्या मते मात्रा अपुरी, दुसऱ्याच्या मते पुरेशी! दोघांनाही अंशशोधनाची प्रमाणपत्रे होती. कारण पुढे उमगले: एका मापकाची खिडकी निळ्या पट्ट्यात अरुंद होती, दुसऱ्याची रुंद. दोघे निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे देत होते. ऊन मोजणाऱ्यांना जे समान प्रमाण लाभले आहे, त्याची या लहानशा मापकांना अजून उणीव आहे.

म्हणून सहकाऱ्यांना विनंती. दिव्याच्या निर्मात्याने सुचविलेलाच मापक वापरावा. मोजणी अर्भकाच्या अंगाच्या पातळीवर, मध्यभागी तसेच कडेलाही करावी. दिवे जुने होतात, म्हणून ती ठरावीक दिवसांनी करावी आणि वहीत नोंदवावी. मापक ठरल्या मुदतीत अंशशोधनासाठी पाठवावा. मातापित्यांना सांगावे की, खिडकीतले ऊन हा उपचाराचा पर्याय नव्हे. नायजेरियात २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सूर्यप्रकाश यशस्वी ठरला खरा. पण जंबुपार व अवरक्त किरण गाळणाऱ्या पडद्याखाली, मात्रा मोजून आणि बाळाच्या तापमानावर लक्ष ठेवून.

पर्वतावरचा काळ्या पोकळीचा गट, पुण्याचे केंद्र, प्रयोगशाळेतील दिवा आणि आपल्या हातातील मापक, ही एक साखळी आहे. तिची शेवटची कडी आपल्या हाती असते. पुढच्या वेळी यंत्राने आकडा दाखविला की एकच प्रश्न विचारावा: ‘हे कशाशी ताडून पाहिले आहे, आणि केव्हा?’ पाळण्यातल्या बाळाला तो प्रश्न विचारता येत नाही. त्याच्या वतीने तो विचारणे हे आपले काम आहे.