अर्थशास्त्रात एम.ए. म्हणजे काय?
अर्थशास्त्रात एम.ए. करतो म्हटले की ‘मग कोणता शेअर घेऊ?’ हा प्रश्न येतोच. प्रश्न स्वाभाविक आहे. पैशाचे शास्त्र म्हणूनच या विषयाची ओळख आहे. प्रत्यक्षात हा, साधने अपुरी असताना माणसे आणि संस्था निवड कशी करतात, याचा अभ्यास आहे. हवामानशास्त्रज्ञ मोसमी पाऊस कसा येतो हे समजावतो. उद्या चार वाजता तुमच्या अंगणात सर येईल का, हे सांगत नाही. तसेच हे.

सूक्ष्म अर्थशास्त्र (कुटुंबे व उद्योगांचे निर्णय) आणि समग्र अर्थशास्त्र (महागाई, बेरोजगारी, वाढ) सर्वत्र शिकवतात. खरा कस लागतो तो अर्थमितीत (आकडेवारीवरून कार्यकारणसंबंध तपासण्याची पद्धत). कांद्यावर निर्यातबंदी आली आणि भाव पडले, तर ते बंदीमुळे की वाढलेल्या आवकेमुळे? हे वेगळे काढायला संख्याशास्त्र लागते, आणि आकडे गोळा करण्याची चिकाटीही. अशा आकड्यांसाठीच, पुण्यात १९३० साली स्थापन झालेल्या गोखले संस्थेत (अर्थशास्त्राच्या अभ्यासाची संस्था) पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ यांनी प्रत्यक्ष पाहण्यांचा पाया घातला.

प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्यांनी बारावीनंतर सुटलेले गणित आधी पुन्हा हाती घ्यावे.