डावा पाय आणि रस्त्याची कड

पाच फुटांच्या आसपास उंची असलेल्या नवशिक्या चालकाने पहिली मोटारसायकल कोणती घ्यावी, या प्रश्नाचे उत्तर बहुधा सीटची जमिनीपासूनची उंची या एकाच आकड्यात शोधले जाते. आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतीय स्त्रीची सरासरी उंची सुमारे 152 सेंटिमीटर असल्यामुळे हा प्रश्न मूठभरांचा नाही. एवढ्या उंचीच्या व्यक्तीच्या पायाची आतील बाजूची लांबी साधारणतः 70 सेंटिमीटर भरते, तर स्प्लेंडरची सीट 785 मिलिमीटरवर असते, तेव्हा दोन्ही टाचा एकदम टेकत नाहीत हे उघड आहे. मात्र तेवढ्यावरून ‘बुटकी सीट असलेली क्रूझर घ्या’ असा जो सल्ला सर्रास दिला जातो, तो चंद्रपूर-गडचिरोलीच्या रस्त्यांवर टिकतो का, हे पाहावे लागते.

मुळात धावत्या दुचाकीचा तोल पायांवर अवलंबून नसतो. केंब्रिजचा तरुण गणिती फ्रान्सिस व्हिपल याने 1899 साली सायकलच्या गतीची समीकरणे मांडली आणि विशिष्ट वेगमर्यादेत ती आपली आपण उभी राहू शकते, हे गणिताने दाखवले. त्यानंतरही चाकाच्या भोवऱ्यासारख्या फिरण्यामुळेच दुचाकी पडत नाही, ही सोपी समजूत पाठ्यपुस्तकांतून चालतच राहिली. अमेरिकेतील जिम पापाडोपुलोस यांनी 1980 च्या दशकात कॉर्नेल विद्यापीठात या समीकरणांची कसून छाननी केली, पण त्यानंतर अनेक वर्षे त्यांना संशोधनाची स्थिर जागा मिळाली नाही, आणि ते काम सहकाऱ्यांसह पूर्णत्वाने प्रसिद्ध व्हायला 2007 साल उजाडले. पुढे 2011 मध्ये याच गटाने भोवरा-परिणाम काढून टाकलेली सायकलही स्वतःचा तोल सावरते, हे प्रयोगाने सिद्ध केले. गाडी ज्या बाजूला कलते त्या बाजूला पुढचे चाक वळते आणि टायर पुन्हा भाराखाली येतात, हे त्यातले सार होय. त्यांच्या 2007 च्या गणितातील नमुना-सायकलीसाठी ही स्वयंस्थिरता ताशी सुमारे 15 ते 22 किलोमीटरच्या दरम्यान आढळते. मोटारसायकल जड असल्याने तिचे आकडे वेगळे असतात, पण तत्त्व तेच राहते. इतकेच नव्हे, तर तळहातावर आखूड काडीपेक्षा लांब काठी तोलणे जसे सोपे जाते, तशी उंच गाडी सावकाश कलते आणि चालत्या चालकाला सावरायला अधिक अवधी देते.

खरी अडचण थांबताना आणि निघताना येते. गुरुत्वमध्य, म्हणजे ज्या बिंदूत गाडीचे सारे वजन एकवटले आहे असे मानता येते तो बिंदू, जमिनीपासून अर्धा मीटर आणि हँडल एक मीटर उंच धरले, तर 99 किलोची शाइन 100 पाच अंश कलल्यावर हँडलपाशी चार-पाच किलोच्या जोराने सावरते. तीच वीस अंश कलली की सतरा किलो लागतात, आणि 195 किलोच्या क्लासिक 350 ला तेहतीस. अ‍ॅव्हेंजर क्रूझची सीट अवघी 737 मिलिमीटर असली, तरी वजन 163 किलो असते. तिचा गुरुत्वमध्य पाच सेंटिमीटर खाली मानला तरी हिशेब पंचवीस किलोंवर येतो. थोडक्यात, सीट जे वाचवते ते वजन गमावते.

आता गडचिरोलीतील एटापल्ली-आलापल्ली मार्गाचा विचार करावा, जिथे समोरून लोहखनिजाचा ट्रक आला की दुचाकीला डांबर सोडून साइडपट्टीवर उतरावे लागते. उजवा पाय मागच्या ब्रेकवर अडकलेला असल्यामुळे टेकायला डावाच मोकळा असतो, आणि आपल्याकडे वाहने डावीकडून चालत असल्यामुळे रस्त्याची तुटकी, बोट-दोन बोटे खाली गेलेली कडही नेमकी डावीकडेच येते. शोरूमच्या सपाट फरशीवर टेकणारा चवडा तिथे अधांतरी राहतो, आणि खाली सैल मुरूम किंवा गिट्टी असेल तर टेकूनही घसरतो. दोन्ही ब्रेक हातात असलेल्या गाड्यांवर ही पंचाईत होत नाही. फिरोदियांच्या कायनेटिकने 1972 मध्ये आणलेली 50 सीसीची लूना बुटक्या चालकांना सहज साधली, त्यात हलकेपणाबरोबर याही गोष्टीचा वाटा असावा.

सीटचा फोम तासून घेतल्याने आणि जाड तळाचे बूट घातल्याने दोन-तीन सेंटिमीटर मिळतात, शिवाय सीटचा पुढचा भाग अरुंद केला तर मांड्या कमी फाकतात आणि पाय अधिक खाली पोहोचतो. शॉकअब्सॉर्बर कापून गाडी बुटकी करण्याची हिकमत मात्र टाळावी, कारण त्यामुळे इंजिनाचा तळ दगडांवर आणि रपट्यांच्या कडांवर आपटतो, शिवाय साइडस्टँड लांब पडून गाडी उभीच राहत नाही.

म्हणून शंभर-एकशेदहा किलोंच्या आतबाहेरची, अरुंद सीटची 100 सीसी गाडी हीच या दोन जिल्ह्यांत पहिली निवड ठरते, आणि सव्वाशे सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना 1 एप्रिल 2019 पासून एक ब्रेक दाबला तरी दोन्ही चाके रोखणारी संयुक्त ब्रेक व्यवस्था सक्तीची असल्याने नवशिक्याला तेवढा आधारही मिळतो. ग्राहकाने मात्र गाडी शोरूमबाहेर गिट्टीवर नेऊन, डबल स्टँडवरून स्वतः उतरवून आणि डाव्या पायाने मागे ढकलून पाहिल्याशिवाय पैसे भरू नयेत.