नाग नदी व आमचें पर्यावरण-शिक्षण

पर्यावरण हा शब्द आज आमच्या विद्यार्थ्यांस नवा राहिलेला नाहीं. १९७६ सालच्या घटनादुरुस्तीनें अरण्यें, सरोवरें, नद्या व वन्य प्राणी यांचें रक्षण करणें हें प्रत्येक नागरिकाचें कर्तव्य ठरविलें. आणि १९९१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें हा विषय शाळांतून आवश्यक म्हणून शिकविण्याचा आदेश दिला. त्यायोगें पुस्तक आलें, परीक्षा आली व गुणही आले. परंतु आपल्या घरच्या मोरीचें पाणी शेवटीं कोठें जातें, असें विचारिलें असतां किती मुलें उत्तर देऊं शकतील? जें शिक्षण या प्रश्नापर्यंत पोंचत नाहीं, तें केवळ पाठांतर होय.

नागपुरांतील पुष्कळ घरांपुरतें याचें उत्तर नाग नदी हें आहे. शहराच्या पश्चिमेस लाव्हा गांवच्या टेकड्यांत ती उगम पावते. अंबाझरीस बांध घालून तिचें पाणी अडविलेलें आहे व एके काळीं तेंच शहरास पिण्याकरितां मिळत असे. तेथून ती भरवस्तींतून पूर्वेकडे वाहत जाऊन पिवळी नदीस मिळते. पुढें तें पाणी कन्हानेंत व कन्हानेंतून वैनगंगेंत जातें. म्हणजे धंतोलींत गटारांत सोडलेली घाण गोसीखुर्दच्या जलाशयाकडे वाहत जाते. त्या काठचे शेतकरी व कोळी यांनीं आमचें कांहींएक वाईट केलेलें नाहीं.

नदी कशी मरते, हें समजून घेणें कठीण नाहीं. पाण्यांत विरघळलेल्या प्राणवायूवर मासे जगतात. सांडपाण्यांतील सेंद्रिय घाण कुजविणारे सूक्ष्म जंतु तोच प्राणवायु वापरितात. घाण थोडी असेल तर वाहतें पाणी हवेंतून तूट भरून काढतें. ती फार झाली म्हणजे प्राणवायु संपतो, मासे मरतात व दुर्गंधि सुटते. सांडपाण्यांतील नत्र व स्फुरद यांवर जलपर्णी माजते ती निराळीच.

आतां पुराची गोष्ट पहा. २३ सप्टेंबर १९२३ नव्हे, तर अगदीं अलीकडे, २३ सप्टेंबर २०२३ च्या पहांटे नागपुरांत थोड्याच तासांत १०० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडला, अंबाझरी तलाव भरून वाहूं लागला आणि कित्येक घरांत पाणी शिरलें. येथें गणिताचा उपयोग करावा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. तेव्हां ५,००० चौरस मीटरांच्या पटांगणावर १०० मिलिमीटर पावसांत ५,००,००० लिटर पाणी पडतें. माती असेल तर त्यांतील कांहीं भाग जिरतो; सिमेंट असेल तर जवळजवळ सर्व पाणी एकदम नाल्याकडे धांवतें, आणि नाला कचऱ्यानें तुंबलेला असला तर तें घरांत शिरतें.

हें ज्ञान डोळे उघडे ठेवून फिरणारास मिळतें. रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप हे १८४५ सालीं नागपुरास आले. शिकविण्याचें काम संभाळून त्यांनीं येथील खडक तपासले आणि टाकळीजवळच्या खडकांत गोड्या पाण्यांतील शिंपले दगड होऊन राहिलेले पाहिले. त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांजसह लिहिलेला त्यांचा नागपूरच्या भूगर्भावरील निबंध १८५५ सालीं लंडनमध्यें प्रसिद्ध झाला. ज्या दगडांवरून सारें गांव रोज चालत होतें, तेच त्यांनीं वांचले.

आमच्या विद्यार्थ्यांनींही असेंच करावें. प्रत्येक वर्गानें नदीवरील एक पूल निवडावा. महिन्यांतून एकदां शिक्षकांसह जाऊन पाण्यांत न उतरतां रंग, वास, फेंस, प्रवाह, कचरा व दिसणारे पक्षी यांची तारीखवार नोंद ठेवावी. सूक्ष्म परीक्षा करणारी नीरी ही राष्ट्रीय संस्था १९५८ पासून आपल्याच शहरांत आहे; परंतु वर्षभराची प्रामाणिक वही कोणतीही शाळा तयार करूं शकते.

पालकांसही एक विनंति आहे. मुलानें घरीं येऊन, "आपलें सांडपाणी कोठें जातें?" असें विचारिलें, तर त्यास गप्प बसवूं नये. त्याजबरोबर गल्लीच्या टोंकापर्यंत जावें व तें पाणी कोठें वळतें तें दोघांनीं मिळून पहावें.