आज हजार की महिन्याने दीड हजार?

उतावळेपणा मोजता येतो का? येतो, पण पद्धती बऱ्याच आहेत आणि त्यांची उत्तरं नेहमी जुळत नाहीत.

सगळ्यात जास्त चालते ती बॅरट यांची प्रश्नावली. १९९५ च्या आवृत्तीत ३० विधानं, प्रत्येकाला १ ते ४ गुण, बेरीज ३० ते १२०. पण यात माणूस स्वतःबद्दल जे सांगतो तेवढंच कळतं!

मला दुसरी पद्धत आवडते. आज १००० रुपये घेता की ३० दिवसांनी १५००? रकमा बदलत विचारत राहायचं. दोन्ही पर्याय सारखेच वाटू लागले की जेम्स मेझर यांच्या १९८७ च्या सूत्राने 'के' हा आकडा काढायचा. समजा याच दोन रकमा सारख्या वाटल्या, तर १५०० भागिले (१ + ३० गुणिले के) = १०००, म्हणजे के साधारण ०.०१७. आकडा मोठा, तितका धीर कमी.

आमच्या शिरपूर जैन गावात मात्र ही पद्धत जपून वापरायची. सोयाबीन निघालं की भाव पडलेला असला तरी शेतकरी विकतो, कारण कृषी केंद्राची उधारी अन् हरभऱ्याची पेरणी थांबत नाही. त्याचा 'के' मोठाच येणार. त्याला उतावळा म्हणणं साफ चूक. ती पैशाची निकड आहे.

तुमचा 'के' काढून कळवा, पण आधी या महिन्याची उधारी बघा!